गोदामुखींचें खारवन

वाशीम जिल्ह्यांतील जऊळका हें गांव समुद्रापासून शेंकडों मैल दूर आहे. अकोल्याहून वाशीमवरून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें एक लहानसें स्थानक. भोंवतीं काळी जमीन, तूर, कापूस व सोयाबीन यांचीं शेतें, आणि आषाढांत गढूळ होऊन वाहणारे ओढे. येथील माणसास समुद्रावरील तुफानाची वार्ता वर्तमानपत्रांतून किंवा नभोवाणीवरूनच कळावयाची. तथापि नकाशावर नजर थोडी लांबवली, तर ह्या मुलखाचें समुद्राशीं असलेलें नातें ध्यानांत येतें. वाशीम जिल्हा जलविभाजकावर वसलेला आहे. त्याच्या उत्तरेच्या उतारावर पडलेलें पाणी काटेपूर्णेसारख्या नद्यांतून पूर्णेस, पूर्णेतून तापीस आणि अखेरीस अरबी समुद्रास मिळतें. दक्षिणेच्या उतारावरचें पाणी अरुणावती, अडाण ह्या नद्यांच्या वाटेनें पैनगंगेंत उतरतें. पैनगंगा वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरींत शिरते. एकाच ढगांतून पडलेले दोन थेंब एका उंचवट्यावरून असे पाठ फिरवून दोन वेगळ्या समुद्रांकडे चालूं लागतात.

पूर्वेच्या वाटेनें गेलेला थेंब रिकाम्या हातीं जात नाहीं. तो पठाराची माती बरोबर नेतो. राजमहेंद्रीच्या खालीं गोदावरीस फांटे फुटतात. त्यांपैकीं गौतमी नांवाचा फांटा यानमजवळून समुद्राकडे जातो, आणि त्याच्या व काकिनाड्याच्या उपसागराच्या मध्यें, नदीनें आणून टाकलेल्या गाळावर, एक विलक्षण वन उभें आहे. त्यास कोरिंगाचें वन म्हणतात. तेलुगु लोक अशा वनास 'मड अडवि' म्हणतात. कोंकणांतील माणसास तें दाखविल्यास तो त्यांतील निम्मीं झाडें आपल्या खाडीवरचींच म्हणून ओळखील. खाऱ्या चिखलांत, भरतीच्या पाण्यांत उभें राहणारें हें खारवन. त्याच्यावरून किती तुफानें गेलीं ह्याची गणती नाहीं, आणि प्रत्येक वेळीं तें मोडून पुन्हा सांवरलें. तें सांवरेनासें झालें तें तुफानामुळें नव्हे. मग कशामुळें झालें, आणि तें पुन्हा उभें कसें करण्यांत आलें, ह्याचा वृत्तान्त किनाऱ्यावरील लोकांइतकाच पठारावरील लोकांनींही ऐकण्यासारखा आहे.

अठराव्या शतकांत कोरिंगा हें पूर्व किनाऱ्यावरील एक नांवाजलेलें बंदर होतें. जहाजें बांधण्याचें व त्यांच्या डागडुजीचें काम तेथें चाले. ब्रह्मदेशांत मजुरीस गेलेल्या तेलुगु लोकांस तिकडे सरसकट 'कोरिंगी' म्हणत, इतकें ह्या बंदराचें नांव दूरवर पोंचलें होतें. डिसेंबर १७८९ मध्यें ह्या बंदरावर तुफान आलें, आणि वाऱ्याबरोबर तीन प्रचंड लाटा एकीमागून एक चालून आल्या. पहिलीनें नांगरलेलीं जहाजें किनाऱ्यावर फेंकलीं, आणि मागून आलेल्या दोघींनीं वस्ती बुडवून टाकली. ह्यांत सुमारे २०,००० माणसें मेल्याचें जुन्या वृत्तान्तांत नमूद आहे. पुढें पन्नास वर्षांनीं, २५ नोव्हेंबर १८३९ रोजीं, तोच प्रकार पुन्हा घडला. ह्या दुसऱ्या आपत्तींत तीन लाख लोक मेल्याचा आंकडा अनेक पुस्तकांत एकावरून दुसऱ्यांत उतरलेला आढळतो. परंतु त्या लहानशा बंदराची वस्ती पाहतां तो पटण्यासारखा नाहीं. निश्चित आहे तें इतकेंच कीं, कोरिंगास पूर्वीचें वैभव पुन्हा आलें नाहीं. मुख गाळानें भरत गेलें, व्यापार काकिनाड्यास गेला, आणि बंदराचें नांव मागें वनाला तेवढें उरलें.

ह्या कोरिंगाच्या तुफानाचें जगाच्या भाषेवरही एक ऋण आहे. हेन्री पिडिंग्टन नांवाचा एक इंग्रज, पूर्वींचा जहाजी कप्तान, कलकत्त्यास राहून तुफानांत सांपडलेल्या जहाजांच्या रोजनिशा गोळा करीत असे. प्रत्येक जहाजावर वारा कोणत्या वेळीं कोणत्या दिशेनें वाहिला हें मांडून पाहतां, तुफानाचा वारा सरळ रेषेंत न जातां एका केंद्राभोंवतीं फिरतो, हें त्याला स्पष्ट दिसलें. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचविणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यानें अशा तुफानास 'सायक्लोन' हें नांव दिलें. खलाशांसाठीं लिहिलेल्या त्याच्या 'सेलर्स हॉर्नबुक' ह्या १८४८ च्या पुस्तकानें तें रूढ झालें. अमेरिकेच्या समुद्रांत ज्यास हरिकेन आणि चीनच्या समुद्रांत ज्यास टायफून म्हणतात, तें हेंच. पिडिंग्टनची योग्यता केवळ शब्द घडविण्यापुरती नव्हती. सुंदरबनांत मातला नदीच्या कांठीं नवें बंदर वसविण्याचा सरकारचा बेत ठरला, तेव्हां १८५३ मध्यें त्यानें गव्हर्नर जनरल डलहौसी यांस पत्र लिहून बजावलें कीं, ही जागा तुफानाच्या लाटेच्या तोंडीं आहे. बंदर बांधलें गेलें; त्यास 'पोर्ट कॅनिंग' हें नांवही मिळालें. १८६७ च्या तुफानानें तें उद्ध्वस्त केलें. पिडिंग्टन त्यापूर्वींच, १८५८ मध्यें, वारला होता.

आतां ह्या वनाची घडण पाहूं. सर्वसामान्य झाडास जेथें एक दिवस काढतां येणार नाहीं, तेथें हीं झाडें पिढ्यान् पिढ्या उभीं असतात. चिखलांत हवा नसते. म्हणून तिवराच्या झाडाचीं आडवीं मुळें बोटाएवढ्या असंख्य काड्या चिखलाबाहेर वर काढतात आणि ओहोटीच्या वेळीं त्यांच्या वाटे श्वास घेतात. कांदळाच्या खोडास कमानींसारखीं आधारमुळें फुटतात, आणि त्याचें बीं झाडावर असतांनाच रुजून हातभर लांब शेंगेसारखें लोंबत राहतें. तें गळून पडलें कीं भरतीबरोबर तरंगत जातें आणि योग्य जागा मिळाली म्हणजे तेथें मूळ धरतें. चिपी, काजळा हीं त्यांचीं भावंडें. ह्या मुळांच्या जाळ्यांत गाळ अडकतो, गाळांत कोळंबीचीं व माशांचीं पिलें वाढतात, आणि त्यांवर खाडीकांठच्या गांवांचें पोट चालतें. कोरिंगाच्या वनांत पाणमांजरें आहेत, आणि मासे पकडून खाणारें रानमांजरही आहे.

वाऱ्याच्या लाटा शंभर मीटर रुंदीच्या अशा वनांतून जातां जातां १३ ते ६६ टक्क्यांपर्यंत खुजा होतात, असें मोजणीनें आढळलें आहे. तुफानाबरोबर समुद्राची पातळीच जी वर चढते, ती उतरविण्यास मात्र कित्येक किलोमीटर रुंदीचें वन लागतें. तेव्हां खारवन म्हणजे समुद्राला घातलेली भिंत नव्हे. पण पुराच्या पाण्याचा वेग मोडणें, बांध वांचविणें, तरंगत येणारे ओंडके व होड्या अडविणें, माणसाला पळून जाण्यास घटकाभर अवधि देणें, हें काम तें करतें. ओरिसाच्या किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं आलेल्या महातुफानांत सुमारे दहा हजार माणसें मेलीं. त्यानंतर केंद्रपाडा जिल्ह्यांतील शेंकडों गांवांची पाहणी करून दास व व्हिन्सेंट ह्या दोन अभ्यासकांनीं २००९ मध्यें असें दाखवून दिलें कीं, ज्या गांवाच्या व समुद्राच्या मध्यें वनाची रुंदी अधिक होती, तेथें मृत्यु कमी झाले. वेळेवर दिलेल्या सूचनेनें त्याहूनही अधिक जीव वांचले, हें त्यांनीं लपविलें नाहीं. वन आणि सूचना ह्या दोहोंचीही जरूर असते.

तुफान वनाची हानि तीन प्रकारांनीं करतें. वाऱ्यानें फांद्या व खोडें मोडतात, ही पहिली. ती डोळ्यांस भयंकर दिसते, पण ती सर्वांत वाईट नव्हे. तिवराच्या खोडांत सुप्त डोळे असतात. वरचा भाग मोडला तरी खालून नवे धुमारे येतात. कांदळाच्या जुन्या लांकडास मात्र असे धुमारे येत नाहींत, आणि तो मोडला कीं बहुधा संपतो. दुसरी हानि गाळाची. लाटेनें आणलेला गाळ श्वास घेणाऱ्या मुळांवर थरावर थर बसला, तर उभें झाड गुदमरतें. तिसरी हानि सर्वांत मुकाट्यानें होते. लाट ओसरतांना वाळूचा बंधारा किंवा पडलेल्या झाडांचा ढीग खाडीचें तोंड बुजवून जातो, आणि आंत शिरलेलें पाणी आंतच कोंडून राहतें. भरती-ओहोटीची ये-जा थांबते, आणि तुफानांतून वांचलेलें झाड त्यानंतर कांहीं महिन्यांनीं उभ्या उभ्या वाळतें. अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या दक्षिण भागांत सप्टेंबर २०१७ मधील 'अर्मा' ह्या हरिकेननंतर दहा हजार हेक्टरांहून अधिक खारवन असें मेलें, आणि त्याचें कारण वाऱ्यापेक्षां कोंडलेलें पाणी हें होतें, असें संशोधनांत दिसून आलें. 'पाणी कोठें मुरतें आहे' हें पाहण्याची आपल्याकडील म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

कोरिंगाच्या वनावर अशीच वेळ आली. परंतु तेथें पाण्याची वाट तुफानानें बुजविली नव्हती. १८५२ मध्यें सर आर्थर कॉटन यांचा धवळेश्वरम् येथील बंधारा पुरा झाला. त्रिभुजप्रदेशांत भातशेती पसरली, वस्ती वाढली, आणि सरपणाची व इमारती लांकडाची मागणीही वाढली. तामिळ मुलखांतील पिचावरमपासून गोदावरीपर्यंत खारवनांची तोड ठराविक पद्धतीनें होऊं लागली: वनाचे पट्टे आंखावयाचे, दरवर्षीं एक पट्टा साफ तोडावयाचा, आणि कांहीं वर्षांनीं तेथें वन आपोआप परत येईल असा हिशेब धरावयाचा. डोंगरावरील वनास हा हिशेब कांहीं ठिकाणीं लागू पडतो. खारवनास तो लागू पडला नाहीं. झाडांची सावली जातांच उघडा चिखल उन्हानें तापला, आंतील ओल उडाली, मुळें कुजलीं आणि जमीन आक्रसून खोलगट झाली. त्या बशीसारख्या खोलगट भागांत भरतीचें पाणी शिरे, पण ओहोटीबरोबर बाहेर पडेना. उन्हाळ्यांत तें आटे आणि मीठ मागें राही. दरसाल मीठ सांचत गेलें, आणि समुद्राच्या पाण्यापेक्षांही अधिक खारट झालेल्या त्या मातींत तिवरासारखें चिवट बींसुद्धां रुजेना. वनाच्या मध्यभागीं अशीं उजाड मैदानें तयार झालीं. जेथें वन तगलें, तेथेंही गुरांनीं पाला ओरबाडला. १९७८ मध्यें ह्या वनाचा सुमारे २३५ चौरस किलोमीटर भाग अभयारण्य म्हणून राखला गेला. परंतु कायद्यानें कुऱ्हाड थांबते, सांचलेलें मीठ धुऊन निघत नाहीं.

दरम्यान तुफानें येतच होतीं. १९ नोव्हेंबर १९७७ रोजीं शेजारच्या कृष्णेच्या मुखाशीं दिविसीमेंत आलेल्या लाटेनें दहा हजारांच्या घरांत माणसें नेलीं. ६ नोव्हेंबर १९९६ रोजीं काकिनाड्याच्या दक्षिणेस खुद्द गोदावरीच्या मुखावर तुफान आदळलें, आणि एक हजाराहून अधिक माणसें मेलीं. त्यांत समुद्रावर गेलेले कोळी पुष्कळ होते. मागील कांहीं वर्षांत ह्या किनाऱ्यावर कोळंबीचीं तळीं झपाट्यानें वाढलेलीं होतीं, आणि त्यांसाठीं खाडीलगतची जमीन बांध घालून अडविली जात होती. योगायोग असा कीं, तुफानानंतर पांचच आठवड्यांनीं, ११ डिसेंबर १९९६ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें किनाऱ्याच्या संरक्षित पट्ट्यांत अशीं तळीं करण्यास मनाई करणारा निर्णय दिला. तुफानानें जें दाखविलें, त्याचा कायद्याच्या भाषेंत पुनरुच्चार झाला. राहिला प्रश्न वनाचा.

चेन्नई येथील एम्. एस्. स्वामीनाथन संशोधन संस्थेनें पिचावरम येथें ह्या प्रश्नास आधींच हात घातला होता. तेथील शास्त्रज्ञांनीं प्रथम झाडांकडे न पाहतां जमिनीच्या पातळीकडे पाहिलें, आणि उजाड मैदानें म्हणजे पाणी कोंडून धरणाऱ्या बशा आहेत हें ओळखलें. मग उपायही सरळच होता: बशीला वाट करून द्यावयाची. १९९६ पासून पुढें सुमारे सात वर्षें, कॅनडाच्या साहाय्यानें चाललेल्या एका मोठ्या योजनेखालीं, तामिळनाडू, आंध्र आणि ओरिसा ह्या तिन्ही राज्यांच्या वनखात्यांस बरोबर घेऊन ही पद्धत राबविण्यांत आली, आणि गोदावरीचें मुख त्यांत होतें.

पद्धत अशी. नैसर्गिक खाडीपासून उजाड मैदानाच्या मध्यावर एक मोठा पाट खणावयाचा. तळाशीं अरुंद आणि वर रुंद, म्हणजे कडा ढासळत नाहींत. ह्या पाटास दोन्ही अंगांनीं तिरकस लहान पाट जोडावयाचे. वरून पाहिल्यास मधला कणा आणि दोन्ही बाजूंच्या बरगड्या असा माशाचा सांगाडा दिसतो. भरतीचें पाणी कण्यांतून बरगड्यांत शिरतें, ओहोटीबरोबर त्याच वाटेनें परत जातें, आणि प्रत्येक फेरींत थोडें थोडें मीठ बरोबर नेतें. पावसाळ्याचें गोडें पाणी हें काम अधिकच वेगानें करतें. माती रुजण्याजोगी झाली म्हणजे पाटांच्या उतरत्या कडांवर, जेथें मुळें बुडतील पण रोप बुडणार नाहीं अशा मधल्या उंचीवर, तिवराचीं रोपें लावावयाचीं. तिन्ही राज्यांत मिळून सुमारे दीड हजार हेक्टर उजाड जमीन अशा रीतीनें पुन्हा वनाखालीं आली. गांवोगांवीं समित्या नेमण्यांत आल्या. पाट खणण्याची मजुरी गांवकऱ्यांस मिळाली, गुरें कोठें चारावयाचीं हें त्यांनींच ठरविलें, आणि सरपणाची दुसरी सोय पाहण्यांत आली. कारण ज्या कोळणीच्या चुलीस लांकूड नाहीं, तिला वनाचें माहात्म्य सांगून उपयोग नसतो.

ह्या पद्धतीस दोष नाहींत असें नव्हे. पाट गाळानें भरतात आणि कांहीं वर्षांच्या अंतरानें पुन्हा उपसावे लागतात. योजनेचा पैसा संपल्यावर तो उपसा कोणीं करावयाचा, हा प्रश्न प्रत्येक गांवीं उभा राहतो. शिवाय लावणी मुख्यत्वें तिवराची झाल्यामुळें जुन्या वनांतील विविधता एकदम परत येत नाहीं. तरीही आधीं पाणी आणि मग झाड, हा क्रम तेथें स्पष्टपणें सिद्ध झाला.

हा क्रम उलटा धरल्यास काय होतें, ह्याचे दाखले जगांत पुष्कळ आहेत. फिलिपाइन्समध्यें हजारों हेक्टरांवर कांदळाचीं रोपें लावण्यांत आलीं. तीं लावण्यास सोपीं, कारण तयार शेंग चिखलांत खोंचली कीं झालें. परंतु जागा निवडली ती बहुधा समुद्राच्या बाजूची उघडी चिखलपट्टी, जेथें निसर्गानें तें झाड कधीं वाढविलेंच नव्हतें. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत असें दिसलें कीं, दीर्घकाळ जगलेलीं रोपें शेंकडा १० ते २० इतकींच होतीं. मध्य अमेरिकेंत होन्डुरासजवळील ग्वानाहा बेटावर १९९८ च्या 'मिच' ह्या हरिकेननें बहुतेक सर्व खारवन झोडपून काढलें. झाडें मेल्यावर त्यांच्या मुळांनीं धरून ठेवलेली माती खचली, जमीन पाण्याखालीं गेली, आणि वन परतेना. उलट बांगलादेशानें १९६६ पासून मेघनेच्या मुखाशीं नव्यानें वर येणाऱ्या गाळाच्या बेटांवर चिपीच्या जातीचें झाड लावण्याचा उद्योग चालविला आणि एक लाखाहून अधिक हेक्टरांवर वन उभें केलें. तेथें गाळ होता, भरती-ओहोटीची मोकळी वाट होती, आणि झाड त्या जागेचेंच होतें.

महाराष्ट्रानेंही हा धडा आपल्या परीनें गिरविला आहे. कोंकणांत खाजणास बांध घालून समुद्राचें पाणी अडवावयाचें व आंत भात पिकवावयाचें, ही रीत फार जुनी. जुने लोक बांधाच्या बाहेरील तिवराचा पट्टा राखून ठेवीत, कारण लाटेचा पहिला मार तो खाई. अलिबाग-पेणच्या खारेपाटांत बांध फुटून जीं शेतें पडीक राहिलीं, त्यांत भरतीबरोबर आलेल्या बियांनीं कोणीं न लावतां तिवराचें रान माजलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें संकटच. परंतु पाण्यास वाट मिळाली कीं खारवनास माळी लागत नाहीं, ह्याची ह्याहून उघड साक्ष दुसरी नसेल.

मुंबईंत ह्याच्या उलट घडत होतें. भराव टाकून भरतीची वाट बुजविली कीं झाडास हात न लावतांही तें मरतें, आणि मेलेल्या वनाची जागा मग मोकळीच असते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालें, तेव्हां मिठी नदीच्या मुखाशीं नाहींसें झालेलें खारवन लोकांस आठवलें. त्याच वर्षीं ६ ऑक्टोबर रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील खारवनाची तोड व त्यांवरील भराव थांबविण्याचा हुकूम दिला. २०१२ मध्यें वनखात्यांत स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. सरकारी वन-पाहणीप्रमाणें राज्यांतील हें वन २००५ मध्यें १८६ चौरस किलोमीटर होतें. २०२१ मध्यें तें ३२४ भरलें. ठाण्याच्या खाडींत तर साठत्या गाळावर तिवर आपोआप इतकें पसरलें कीं, रोहित पक्ष्यांस लागणाऱ्या उघड्या चिखलपट्ट्या शिल्लक ठेवणें हीच आतां काळजीची बाब झाली आहे. जेथें चिखलच असावयास हवा, तेथें झाड लावणें हाही एक अविचारच होय.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें तुफान श्रीवर्धनजवळ दिवेआगर येथें किनाऱ्यास आलें. नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीं आडव्या झाल्या. ज्या वाडीवर दोन पिढ्या जगल्या, ती पुन्हा फळास येण्यास किती वर्षें लागतात, हें श्रीवर्धनच्या बागाइतदारास विचारावें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें राज्यानें पांढऱ्या चिपीस 'राज्य कांदळवृक्ष' हा मान दिला. मान देणें सोपें आहे. तुफान ओसरल्यावर आठ दिवसांच्या आंत खाडीखाडींतून फिरून कोठें तोंड बुजलें, कोठें पाणी कोंडलें, हें पाहणें आणि फावडें घेऊन तें मोकळें करणें, हें काम त्यामानानें कष्टाचें आहे. त्याचें छायाचित्रही चांगलें निघत नाहीं. रोपें लावण्याचा समारंभ होतो, पाट उपसण्याचा होत नाहीं. पण कोरिंगानें शिकविलेलें तें हेंच काम.

गोदावरीच्या मुखाची कथा येथें संपत नाहीं. भरतीची वाट ही ह्या वनाची एक बाजू झाली. दुसरी बाजू नदीची. खारवन ज्या गाळावर उभें राहतें, तो गाळ दरसाल नवा यावा लागतो, कारण समुद्र जुना गाळ सारखा झिजवीत असतो. १९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत गोदावरीनें समुद्रास पोंचविलेला गाळ निम्म्याहून अधिक घटला, असें मोजणींत आढळलें आहे, आणि त्याचें मुख्य कारण वरच्या प्रदेशांतील धरणें हें मानलें जातें. त्रिभुजप्रदेशाचा किनारा कित्येक ठिकाणीं मागें सरत आहे. धरणें शेतीस हवींत, हें कोरडवाहू मुलखांतील माणसास सांगावयास नको. तथापि पठारावर अडलेली माती समुद्रकांठच्या वनास मिळत नाहीं, हा हिशेबही कोठेंतरी मांडला गेला पाहिजे.

दिवसांतून दोनदां भरतीचें पाणी त्या माशाच्या सांगाड्यासारख्या पाटांतून वर चढतें आणि परत फिरतें. वर्षांतून एकदां, आषाढ-श्रावणांत, दुसऱ्या बाजूनें गढूळ पाणी येतें. त्या गढूळपणांत वऱ्हाडची, वाशीमच्या दक्षिण उतारावरचीही, चिमूटभर माती असते. तीं दोन्ही पाणीं ज्या चिखलांत भेटतात, तेथें तिवर रुजतें. आणि पुढील तुफान येईल तेव्हां गोदामुखींच्या कोळ्यांच्या झोंपड्या व समुद्र यांच्या मध्यें तें उभें असेल.